फळ्यापर्यंत कोण पोहोचतो?

शॉमबर्ग परिसरातील आम्हा बौद्ध कुटुंबांत मुलांच्या गणितातील गुणांची चर्चा फार होते; गणित शिकविणाऱ्याच्या शिक्षणाची मात्र होत नाही. मायदेशी शाळेला मदत करावयाची म्हटले की आम्ही खोल्या बांधतो, संगणक देतो आणि भिंतीवर देणगीदारांची नावे कोरतो. शिक्षक घडविण्यासाठी निधी मागितला की उत्तर मिळते, 'चांगला शिक्षक जन्मावा लागतो.' गुणवत्ता जन्माने ठरते असे सांगणाऱ्या व्यवस्थेविरुद्धच तर आपला लढा होता! मग शिक्षकाबाबतच आपण तिची भाषा का बोलावी?

वैद्यकीत आमची पंचवीस वर्षे गेली. शल्यचिकित्सक जन्मत नाही. तो दुसऱ्याचे हात पाहून आणि स्वतःची चूक सहकाऱ्यांपुढे मांडून तयार होतो. शिक्षकासाठी हेच साधन म्हणजे वर्गाची चित्रफीत. १९९५ च्या 'टिम्स' अभ्यासात जर्मनी, जपान व अमेरिका येथील आठवीच्या गणिताचे २३१ तास चित्रित झाले. जपानी वर्गात मुले बहुधा आधी स्वतः रीत शोधीत. अमेरिकी वर्गात शिक्षकाने दाखविलेली रीत गिरवीत. गुणपत्रिकेत हे दिसत नाही.

इलिनॉयने २०१५ पासून परवान्यासाठी भावी शिक्षकांकडून अशी फीत मागितली. करोनाच्या काळात, २०२० साली, ती अट स्थगित झाली. परंतु परीक्षकाकडे धाडलेली फीत निवाडा देते. सहाध्यायांसह थांबवून-थांबवून पाहिलेली फीत शिकविते. आपणांस दुसरी हवी.

तीत काय पाहावयाचे? मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकाने बाल भीमरावांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागील आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुले ते हटविण्यास धावली. आज अशी धावपळ दिसेलच असे नाही. पण कोणाला फळ्याकडे कधी बोलाविलेच जात नाही, कोणाच्या चुकलेल्या उत्तरावर 'कसे केलेस?' असे विचारले जाते आणि कोणाला 'बस खाली' म्हटले जाते, हे तास घेणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. फितीवर ते मोजता येते. मात्र कॅमेऱ्याला जात कळत नाही. ती पाहणाऱ्याला कळावी लागते. म्हणून पाहणाऱ्यांत आपले शिक्षकही हवेत, आणि चित्रणास पालकांची संमती हवी.

बंधू-भगिनींनो, पुढील देणगी खोलीसाठी नको. एखाद्या अध्यापक विद्यालयाला एक कॅमेरा द्या आणि फीत पाहावयास शिकविणाऱ्या मार्गदर्शकाचे वेतन द्या. भिंतीवर आपले नाव नसेल. परंतु मागच्या बाकावरील एखादी मुलगी खडू हाती घेऊन फळ्यापाशी उभी असेल.

जय भीम!