रसबरोची चित्रे आणि विश्वस्तांचा हिशेब

दुकानाचे भाडे भागत नाही म्हणून भांडवल मोडणारा व्यापारी किती दिवस टिकतो, हे आपल्या बाजारात कोणाला सांगावयास नको. पण हीच वेळ एखाद्या विश्वस्त संस्थेवर आली तर? आयर्लंडमधील रसबरो हाऊसवर २०१५ साली ती आली.

डब्लिनजवळच्या विकलो परगण्यातील हा वाडा बिअरच्या धंद्यात गब्बर झालेल्या घराण्यातील जोसेफ लीसन याने १७४० च्या दशकात बांधावयास घेतला. भिंती-छतांवरचे चुन्याचे नक्षीकाम लाफ्रांचिनी बंधूंच्या हातचे मानले जाते. कारागीर बांधवांनी त्याची छायाचित्रे जरूर पाहावीत. १९५२ साली सर आल्फ्रेड बीट यांनी वाडा विकत घेतला. दक्षिण आफ्रिकेतील हिरे व सोने यांवर उभी राहिलेली ही श्रीमंती. तिच्यातूनच फर्मीर, गोया, रूबेन्स यांची चित्रे जमली होती. बीट दांपत्याला मूलबाळ नव्हते. त्यांनी १९७६ मध्ये न्यास केला, १९७८ पासून वाडा लोकांना खुला झाला, आणि १९८७ मध्ये सर्वांत मोलाची १७ चित्रे आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीला देऊन टाकली.

या वाड्यावर १९७४, १९८६, २००१ आणि २००२ असे चार दरोडे पडले. फर्मीरचे चित्र तर दोनदा गेले. दुसऱ्या खेपेस ते १९९३ साली अँटवर्प येथे सापडले. सारे जग ओळखते असा माल उघड बाजारात विकणार कोणाला?

दरोडेखोरांना जमले नाही ते विश्वस्त कायदेशीरपणे करावयास निघाले. वाड्याच्या देखभालीसाठी कायमचा निधी हवा म्हणून रूबेन्ससह काही चित्रे लंडनच्या लिलावात काढण्याचे ठरले. लोकांना कळले तेव्हा चित्रे देशाबाहेर गेलेली होती. अन् टाश्का या वारसा-रक्षक संस्थेसह अनेकांनी आवाज उठवला आणि लिलाव थांबला.

विश्वस्तांची अडचण खोटी नव्हती. एवढ्या वाड्याचे छप्पर, विमा, पहारा, नोकरांचे पगार तिकिटांवर निघत नाहीत, आणि ओरड करणाऱ्यांपैकी किती जणांनी छपरासाठी पैसे दिले होते, हेही विचारलेच पाहिजे. तरीही आमच्या मते चूक विश्वस्तांचीच. मालकाला आपला माल गुपचूप विकता येतो. ज्याच्याकडे दुसऱ्याची ठेव आहे त्याने आधी वही उघडी करून तूट दाखवावी, मग गिऱ्हाईक शोधावे. पुढे त्यांपैकी काही चित्रे आयरिश दात्यांनी घेतली व करसवलतीच्या योजनेखाली नॅशनल गॅलरीला दिली. न्यासाला पैसा मिळाला, चित्रे देशात राहिली. करसवलतीची ती योजना लिलाव ठरला त्या दिवशीही कायद्यात होतीच.