बोटीच्या तारखेचा वाढदिवस

"दोन दिवसांची रजा काढून ये की!" पुण्याच्या नातेवाइकांचं हे वाक्य ऐकलं की काय बोलावं ते सुचत नाही. लिटल अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरून दोन दिवसांची रजा काढली, तर ती पोर्ट ब्लेअरच्या वाटेवरच संपते. (२०२४ मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, पण माझ्या तोंडात अजून पोर्ट ब्लेअरच बसलंय.) आधी कॅम्पवरून डुंगीने, म्हणजे लाकडी मोटरबोटीने, हट बे गाठायचं. समुद्राला लाट असली की डुंगीवाला सकाळी पाण्याकडे एकदा बघतो आणि मुकाट्याने चहा टाकायला जातो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. हट बेला पोचलं की जहाजाचं तिकीट मिळवायचं. आम्ही 'आयलँडर', त्यामुळे भाडं कमी, पण जहाजात जागा तेवढीच. मग सहा-आठ तासांचा प्रवास. तीन नंबरचा बावटा लागला तर तोही नाही.

माझं काम लेदरबॅक कासवांचं. समुद्री कासवांतली ही सगळ्यात मोठी जात, आणि भारतात तिची घरटी मुख्यतः लिटल अंदमान आणि निकोबार बेटांवर सापडतात. माद्या किनाऱ्यावर येतात त्या साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्यातही डिसेंबर-जानेवारीत सर्वाधिक. आमच्या घरातले दोन वाढदिवस नेमके याच काळात येतात: नवऱ्याचा डिसेंबरअखेर आणि लेकीचा जानेवारीत. माझा स्वतःचा भर पावसाळ्यात. तेव्हा मी घरीच असते, पण त्याचं कौतुक कुणाला!

रात्रीची गस्त का चुकवता येत नाही, हे लेकीला मी कागदावर आकडे मांडून समजावलं होतं. एकच मादी एका हंगामात अनेकदा अंडी घालते, साधारण दहा-दहा दिवसांच्या अंतराने. ती वर आली की खांद्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे का ते पाहायचं, नसेल तर बसवायची, टेपने पाठ मोजायची आणि खड्डा बुजवून ती परत पाण्यात गेली की नोंद करायची. रात्री सुटल्या तर एकाच मादीची चार घरटी चार माद्यांच्या नावावर जमा होतात, आणि कासवं भरपूर आहेत असं आपण खुशाल लिहून मोकळे होतो. उपग्रह टॅग लावलेल्या इथल्या काही माद्या पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे गेल्या, काही थेट आफ्रिकेच्या बाजूला. एवढं पोहणारीला गाठायची जागा एकच, ती वाळूवर येते तेव्हा. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या दिवशी दुसऱ्या कुणी मोजलं तर?" प्रश्न रास्त होता. दुसरं कुणी मोजतंच, पण त्यांच्या घरीही वाढदिवस असतात.

तोडगा सासूबाईंनी काढला. त्या दापोलीकडच्या. मंडणगडचं वेळास तिथून फार लांब नाही. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली जातायत, त्यामुळे कासवांसाठी घर सोडून राहणारी माणसं त्यांना नवीन नाहीत. त्यांच्या माहेरी वाढदिवस तिथीनेच व्हायचे. तिथी दरवर्षी तारखेच्या मागेपुढे सरकते, म्हणजे पोरीला एकाऐवजी दोन संधी. तारीख हुकली तर तिथी गाठायची, तिथीही हुकली तर बोट येईल तो दिवस. तिथीचं त्यांना इतर कारणांनीही भारी महत्त्व. तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची वेळ कळते, हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. इथे आम्ही छापील तक्ता बघतो, पण रात्री किनाऱ्यावर चालायला किती जागा उरणार हे चंद्रच ठरवतो.

नवऱ्याच्या वाढदिवसाची गोष्ट वेगळी आहे. तो २६ डिसेंबरला जन्मला. ही तारीख इथे कुणाला सांगितली की समोरचा माणूस जरा थांबतो. २००४ च्या त्या सकाळी त्सुनामीत निकोबारमधली गावंच्या गावं गेली, ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक काही मीटर खचलं आणि गलाथियाच्या किनाऱ्यावर कासवांचा अभ्यास करणारा एक तरुण संशोधक परत आला नाही. त्या लाटेने नेलेली वाळू पुढे हळूहळू पुन्हा साचली, कासवंही परतली. आता त्याच गलाथियात मोठं बंदर बांधायचं घाटतंय आणि २०२१ मध्ये तिथल्या अभयारण्याचा दर्जाही काढला गेला. लाटेनंतर परतलेल्या कासवांना आपण बंदर दाखवणार, हे मला पटलेलं नाही. नवऱ्याने आपला वाढदिवस एक दिवस अलीकडे ओढलाय. शेजारी निकोबारी कुटुंब आहे, त्यांच्या नाताळच्या जेवणात तो उरकतो.

कॅम्पवरचे वाढदिवस मात्र मला मनापासून आवडतात. आमच्याबरोबर काम करणारे बरेचसे करेन, मायाबंदरजवळच्या वेबीचे. १९२०च्या दशकात इंग्रजांनी त्यांच्या आज्या-पणज्यांना ब्रह्मदेशातून इथे आणलं. जंगल आणि समुद्र दोन्ही वाचणारी इतकी तरबेज माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. त्यांच्यातल्या एकाचा वाढदिवस होता, तेव्हा मी कुकरमध्ये केक केला. पार्ले-जीचा चुरा, दूध पावडर, साखर, इनोची पुडी. कुकरची शिटी आणि रबर काढून तळाशी घरी मीठ घालतात, तिथे आम्ही वाळू घातली. ओढ्यातली, घरट्यांच्या पट्ट्यातली नव्हे. तीही लांबूनच उचलली, कारण ओढ्याच्या मुखाशी मगर असते आणि ती वाढदिवस बघत नाही. वरून केक करपला, आतून मऊ राहिला. गिटार निघाली, चर्चमधली दोन गाणी झाली आणि बरोबर आठ वाजता सगळे लाल टॉर्च घेऊन उठले. त्या रात्री उत्सवमूर्तीच्या वाट्याला किनाऱ्याचं लांबचं टोक आलं होतं. कुणीही आपणहून बदली जाऊ म्हटलं नाही.

"निसर्गासाठी केवढा त्याग करता!" असं कुणी म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. आमच्या गल्लीत एक जहाजावरचा इंजिनवाला राहतो, एक दीपगृहात नोकरीला आहे, दोन घरं नौदलाची. त्यांच्या पोरांचेही वाढदिवस हुकतात, आणि त्यांना त्यागाचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. उलट लेकीच्या वर्गात तारखेलाच वाढदिवस झालेल्या मुलाकडे जरा संशयाने बघतात.

लेकीने अलीकडे नवा नियम केलाय. पार्टी कधीही चालेल, पण औक्षण त्याच दिवशी आणि आईनेच करायचं, हवं तर फोनवरून. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली आणि हट बेपर्यंत फोन सुधारला, कॅम्पवर मात्र रेंज शून्य. तेव्हा त्या दिवशी कुणाला तरी हट बेला जावंच लागतं, डिझेल किंवा तांदूळ आणायच्या निमित्ताने. ते निमित्त यंदा माझ्या वाट्याला यावं म्हणून मी आत्तापासून सगळ्यांचं मन वळवतेय. पश्चिम किनारा ओंगे लोकांच्या राखीव भागात येतो, त्यामुळे परवान्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. अर्ज गेलाय. परवान्यावर तारखा पडल्या की मगच केकवाल्याला ॲडव्हान्स देईन.