पाण्यात उरलेले औषध

रुग्णाने घेतलेले औषध त्याच्या शरीरातच संपते, अशी आपली समजूत असते. ती पूर्णपणे खरी नाही. प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचा, बराच अंश मूत्रावाटे बाहेर पडतो आणि गटारांतून नदीला जाऊन मिळतो. जनावरांना दिलेल्या औषधांची गतही तीच. असे पाणी पिणाऱ्याला तत्काळ काही होत नाही, म्हणून त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु औषधाच्या अल्प मात्रेत वाढलेले जिवाणू पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. अपुऱ्या मात्रेचा हा धोका पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवला होता.

हा अंश मोजणे मात्र सोपे नाही. एक लिटर नदीच्या पाण्यात तो पुष्कळदा ग्रॅमच्या काही अब्जांश भागांएवढाच असतो. येथे चुंबकीय नॅनो कणांची युक्ती कामी येते. मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घेऊन त्यांवर औषधाचे रेणू धरून ठेवणारा लेप चढवतात. हे कण पाण्यात ढवळले की रेणू त्यांना चिकटतात. मग भांड्याबाहेर साधे लोहचुंबक धरावे; सारे कण त्या बाजूला गोळा होतात आणि पाणी ओतून टाकता येते. वाळूत सांडलेल्या टाचण्या चुंबकाने वेचाव्यात, तसाच हा प्रकार. कणांवरचे औषध थोड्याशा द्रावकात उतरवून घेतले, की भांडेभर पाण्यात विखुरलेला अंश चमचाभर द्रवात एकवटतो व यंत्राला ओळखता येतो. चुंबक दूर करताच इतक्या लहान कणांचे चुंबकत्व जवळजवळ लोपते, त्यामुळे ते पुन्हा पाण्यात मोकळे पसरू शकतात. मला तरी ही कल्पना फार देखणी वाटते.

तरीही केवळ साधन सुधारल्याने प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते! हा परिसर मांजरा नदीच्या खोऱ्यातला. बीड जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी पुढे गोदावरीला मिळते. तेथे नॅनो कणांची गरजच नव्हती. गरज होती ती मर्यादा घालून देणाऱ्या नियमाची.

असा नियम होऊ घातला होता. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा सुचवली होती. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत मात्र ती गाळण्यात आली. हा निर्णय मला पटत नाही. औषधे महागतील ही भीती अगदीच खोटी नाही, आणि गरिबाला स्वस्त औषध मिळालेच पाहिजे. पण जे औषध लागूच पडणार नाही, ते स्वस्त मिळून त्याला काय लाभ? जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रतिजैविके बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. तेव्हा मर्यादेचा आकडा कोठून आणावा, ही सबबही आता उरलेली नाही. कारखान्यांना आधी मर्यादा घालावी. नॅनो कणांची चाचणी राखून ठेवावी ती रुग्णालयांखालच्या ओढ्यांसाठी आणि नदीकाठच्या विहिरींसाठी, जेथे औषधाचा अंश थोडा असतो आणि पाणी पिणारे पुष्कळ.