घरचा संगणक : चित्रात पाणी कसे आणावे?

उन्हाळ्यात देवपूरच्या बाजूने पांझरेचा फोटो काढला तर पात्रात दगड, वाळू आणि डबकीच जास्त दिसतात. शाळेच्या 'पाणी वाचवा' तक्त्यासाठी मात्र मुलांना भरलेली नदी हवी असते. ती घरबसल्या करता येते. त्यासाठी 'गिंप' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी तयार केलेले हे सॉफ्टवेअर 1996 मध्ये लोकांसमोर आले.

पलीकडचा काठ सरळ, आडवा दिसेल असा फोटो निवडा. मूळ फोटोची प्रत काढून तिच्यावरच काम करा.

1. 'इमेज' मेनूतील 'स्केल इमेज' वापरून रुंदी 1500 पिक्सेल करा. मग 'क्रॉप' साधनाने काठाच्या खालचा कोरडा भाग कापून टाका.

2. 'लेयर' मेनूतून 'डुप्लिकेट लेयर' घ्या. त्या प्रतीला 'ट्रान्सफॉर्म'मधील 'फ्लिप व्हर्टिकली' लावा. चित्र उलटे होईल.

3. 'इमेज' मेनूतील 'कॅनव्हास साइज'मध्ये साखळीची खूण तोडून उंची दुप्पट करा. 'मूव्ह' साधनाने उलटी प्रत खाली आणून काठाला काठ टेकवा.

4. उलटी प्रत निवडून 'फिल्टर्स', 'डिस्टॉर्ट्स', 'रिपल' असे जा. 'अॅम्प्लिट्यूड' 8 आणि 'पिरियड' 30 पासून सुरुवात करा. झाडांची उभी खोडे नागमोडी दिसली की कोन बरोबर आहे. नुसता काठच वाकडा झाला, तर 'अँगल' 90 ने बदला.

5. थोडा 'गॉशियन ब्लर' द्या आणि 'कलर्स' मेनूतून उजेड कमी करा.

ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. पाणी सगळा प्रकाश परत पाठवत नाही, काही आत शिरतो. म्हणून प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा गडद असते. रंगही जपून द्या. पावसाळ्यात नदीचे पाणी मातकट असते. त्यावर गडद निळा रंग ओतला की चित्र खोटे आहे हे लगेच कळते.

काम 'एक्ससीएफ' प्रकारात सेव्ह करा, म्हणजे लेयर वेगळे राहतील आणि पुन्हा बदल करता येतील. छपाईसाठी 'एक्सपोर्ट अॅज'मधून जेपीईजी काढा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. अक्कलपाडा धरणातून पाणी सोडले की पांझरेकाठच्या वस्त्यांना सावध राहावे लागते. अशा वेळी मोबाइलवर फिरणारा एक फोटो घराघरांत घबराट पसरवू शकतो. कोणी भर रात्री लेकराबाळांना घेऊन बाहेर पडेल. दोनदा अशी फसगत झाली, तर तिसऱ्यांदा खरा इशाराही कोणी मनावर घेणार नाही. तक्त्यावर किंवा शुभेच्छापत्रावर हे चित्र शोभून दिसते, पण 'आजची नदी' म्हणून ते गटात टाकू नका. चित्राच्या कोपऱ्यातच 'संगणकावर सजवलेले चित्र' असे ठळक लिहा. खाली टाकलेली ओळ पुढे पाठवताना गळून पडते, चित्रावरची चित्राबरोबर जाते.

मुलांना ही कला शिकवाल तेव्हा या दोन शब्दांची सवयही त्याच दिवशी लावा: 'सजवलेले चित्र'.