जॉर्जचा पहिला अल्बम, आपल्या फोर्टमधला

जॉर्ज हॅरिसनचा पहिला स्वतंत्र अल्बम कोणता, असं विचारलं की बहुतेक रसिक १९७० च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’चं नाव घेतात. तो थोर आहेच. पण त्याच्या दोन वर्षं आधी, बीटल्स अजून एकत्र असताना, १ नोव्हेंबर १९६८ रोजी ‘वंडरवॉल म्युझिक’ आला होता. त्यातला मोठा भाग मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. हे आपल्याला पाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

निमित्त एका सिनेमाच्या संगीताचं होतं. दिग्दर्शक जो मॅसोने सांगितलं, तू जे देशील ते मी वापरीन. हॅरिसनने स्टॉपवॉच लावून एकेक प्रसंग मोजला आणि जानेवारीत मुंबई गाठली. स्टुडिओत नीट ध्वनिरोधन नव्हतं. साडेपाचला इमारतीतली ऑफिसं सुटली की जिन्यावर पावलांचा असा धडधडाट व्हायचा, की रेकॉर्डिंग थांबवावं लागे. स्टिरिओची सोय व्हावी म्हणून एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं मशीन कलकत्त्याहून रेल्वेने आणलं. तेवढ्या सामग्रीवर काम झालं!

आणि वाजवायला कोण? संतूरवर शिवकुमार शर्मा, त्याच महिन्यात तिशी गाठलेले. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा. पहिला ट्रॅक सुरू होतो तो दोन सनयांनी. गिटारचा पत्ताच नाही. रॉकच्या दुनियेतल्या माणसाने स्वतःचा पहिला अल्बम असा उघडावा, यातलं धाडस आजही अंगावर येतं.

तोवर बीटल्सच्या रेकॉर्डवर जॉर्जच्या वाट्याला जेमतेम एखाद-दोन, फार तर तीन गाणी यायची. लेनन आणि मॅकार्टनीपुढे त्याला जागा मागावी लागे. अशा माणसाच्या हाती अख्खी रेकॉर्ड आली, तेव्हा त्याने काय करावं? स्वतः गायला नाही. रचना केल्या, निर्मिती सांभाळली आणि पुढची जागा वादकांना दिली. (याच मुक्कामात त्याने ‘द इनर लाइट’चं वादनही इथल्या कलावंतांकडून करून घेतलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं ते त्याचं पहिलं गाणं.) मला हा मोठेपणा वाटतो, आणि संगीतकार म्हणून त्याची खरी ओळख इथेच होते.

पुढे अल्बम झाकोळला. तीनच आठवड्यांनी बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला. त्यापुढे कोण टिकणार?

मिळाला तर आधी ‘क्राइंग’ हा ट्रॅक ऐका. जेमतेम सव्वा मिनिटाचा. व्होरांची तारशहनाई त्यात अक्षरशः हुंदके देते, आणि ती कुणाच्या रेकॉर्डवर वाजतेय हे तेवढा वेळ आठवतही नाही.