सोंग घ्या, पण कुणासाठी तरी!

जानेवारीचा तिसरा रविवार आला की मुंबईत सीएसएमटीसमोर एक भन्नाट गर्दी जमते. कुणी नऊवारी नेसून, नथ घालून पायात स्पोर्ट्स शूज चढवलेत. कुणी गांधीजी झालंय, कुणी सुपरहिरो, तर कुणी अंगाला पानं बांधून चक्क झाड बनून आलंय. हातात फलक आहेत: मुली शिकवा, पाणी वाचवा, अवयवदान करा. फॅन्सी ड्रेसची स्पर्धा वाटावी असा हा थाट, पण ही मुंबई मॅरेथॉनमधली ‘ड्रीम रन’ आहे.

आपण अहिवारा-भिलाईकडची माणसं. मुंबईचा समुद्र आपल्यापासून हजार किलोमीटरहून लांब. मग ही गोष्ट आज तुम्हाला का सांगतेय? कारण यातलं एक गुपित आपल्या अंगणातलंच आहे. शेवटपर्यंत वाचा, कळेल.

ड्रीम रन म्हणजे काय?

मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली 15 फेब्रुवारी 2004 ला. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. ते काही आपल्यासारख्यांचं काम नाही! पण त्याच दिवशी साधारण 6 किलोमीटरची ड्रीम रनही असते. तिथे पहिला नंबर नाही, शेवटचा नंबर नाही. धावा, चाला, नाचत जा, मध्ये थांबून सेल्फी काढा, सगळं चालतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी दौड असते आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठीही वेगळी. कोविडमुळे 2021 आणि 2022 ला हे सगळं थांबलं होतं. 2023 च्या जानेवारीत ते पुन्हा सुरू झालं.

यातला महत्त्वाचा भाग मात्र फोटोत दिसत नाही. धावणारा माणूस आधी एक सामाजिक संस्था निवडतो. मग मित्र, नातेवाईक, ऑफिसमधले सहकारी यांना सांगतो, “मी यांच्यासाठी धावतोय, तुम्ही काही द्याल का?” लोक ऑनलाइन पैसे देतात आणि ते त्या संस्थेसाठी जमा होतात. कंपन्याही आपले गट उतरवतात. असे दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात, शाळांसाठी, उपचारांसाठी, अपंग मुलांसाठी.

मग वेष कशाला?

मला वाटतं, मागणं सोपं व्हावं म्हणून. खरं सांगा, कुणाकडे पैसे मागताना तुमची जीभ अडखळत नाही? चांगल्या कामासाठी असले तरी संकोच वाटतोच. पण तुम्ही झाड बनून समोर उभे राहिलात, की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, “हे काय?” आणि बोलणं सुरू होतं.

लंडनचं उदाहरण बघा. लॉइड स्कॉट हा तिथला माजी अग्निशामक जवान. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता, त्यातून तो वाचला. 2002 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तो खोल समुद्रातल्या पाणबुड्याचा जुना, अवजड पोशाख घालून उतरला. वजन पन्नास किलोच्या आसपास! लोक दोन-चार तासांत पोहोचले, त्याला पाच दिवसांहून जास्त लागले. पण त्या पाच दिवसांत कर्करोगग्रस्तांसाठी मदत येत राहिली. साध्या कपड्यांत धावला असता, तर त्याच्याकडे इतक्यांनी वळून पाहिलं असतं का?

आपल्याला हे नवीन नाही

आजी-आजोबांना वासुदेवाबद्दल विचारा. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या, पहाटे दारात येऊन गाणार आणि दान घेऊन पुढे जाणार. बहुरूपी तर कधी पोलीस बनून यायचा, घरच्यांना घाबरवायचा, हसवायचा आणि मग हात पुढे करायचा. ते स्वतःच्या पोटासाठी मागत, ड्रीम रनवाले दुसऱ्यासाठी मागतात. पण कसब तेच. मागणाऱ्याचा मान राहतो आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं.

आणि आता आपलं अंगण. इथे पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो, बहुतेक वेळा जानेवारीतच. नवं धान घरात आलेलं असतं. मुलं, मोठी माणसं, टोळ्या करून दारोदार धान मागत फिरतात. त्या दिवशी श्रीमंताच्या मुलालाही मागायची लाज नसते आणि गरिबाच्या दारातूनही कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही. ड्रीम रनचं गुपित हेच: सगळे मिळून मागायला लागले की मागण्यातला कमीपणा निघून जातो.

घरच्या घरी ‘ड्रीम रन’

यंदा कॉलनीत किंवा शाळेत असं काही करायचं मनात असेल, तर या गोष्टी लक्षात ठेवा:

- आधी काम ठरवा, मग वेष. “समाजासाठी” असं मोघम नको. “या शाळेतल्या मुलांच्या वह्यांसाठी” असं नेमकं सांगा.
- अंतर छोटं ठेवा. एक-दोन किलोमीटर पुरे. आजोबा आणि पाच वर्षांची चिमुरडी दोघंही पोहोचली पाहिजेत.
- वेष सुती आणि सुटसुटीत हवा. मुलांचं नाक-तोंड झाकणारे मुखवटे टाळा. पायात मात्र नेहमीचेच बूट.
- कुणाची टिंगल नको. तोंडाला रंग फासून ‘आदिवासी’ किंवा फाटके कपडे घालून ‘भिकारी’ बनणं हा विनोद नाही. ज्याचा वेष घेतलाय, तो माणूस समोर उभा असता तर त्यालाही हसू आलं असतं का, हे विचारून बघा.
- हिशेब सगळ्यांसमोर मांडा. किती जमले, कुठे गेले, हे आठवडाभरात कॉलनीच्या ग्रुपवर टाका. संस्थेला दिले असतील तर पावतीही टाका.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. वेष संध्याकाळी उतरतो, फोटो दोन दिवसांत विसरले जातात. पण ज्या शेजाऱ्याने तुमच्या शब्दावर पन्नास रुपये दिले, त्याला त्या पन्नास रुपयांच्या वह्या दिसल्या, तर पुढच्या वर्षी तो शंभर देईल. कदाचित स्वतःच वासुदेव बनून येईल!

मग सांगा, तुमच्या घरात पहिलं सोंग कोण घेणार? बाबा, की आजी?