टोचन केलेल्या गाडीचे ब्रेक लाइट लागतात का? निघण्याआधी हे तपासा

ठाणे : कापूरबावडीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता बाळकुम नाक्यावर दिवसभर भरलेला असतो. कशेळी-काल्हेरच्या गोदामांकडे जाणारे ट्रक, टेम्पो, रिक्षा, मेट्रो ५ चे खांब आणि या सगळ्यांतून वाट काढणारे दुचाकीस्वार. अशा रस्त्यावर बंद पडलेली कार टोचन करून नेताना दोर किंवा हुक पक्का आहे का, हे सगळे पाहतात. कारचे ब्रेक लाइट लागतात का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. ते लागत नसतील तर गाडी हलवूच नये.

धोका नेमका काय?

ओढणाऱ्या वाहनाने ब्रेक दाबला की त्याचे लाल दिवे लागतात, पण ते मागच्या कारच्या आड जातात. मागून येणाऱ्याला फक्त कार दिसते. ताशी ४० किमी वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. म्हणजे इशारा एक सेकंद उशिरा कळला, तर थांबायला ११ मीटर कमी मिळतात. पावसाळ्यात रात्री एवढा फरक जीवावर बेतू शकतो.

दोराने आणि क्रेनने

दोराने ओढताना कारमध्ये चालक असतो. त्याने ब्रेक दाबला की लाइट लागायला हवेत. पण गाडी बॅटरी उतरल्यामुळेच बंद पडली असेल, तर ते लागणार नाहीत. शिवाय इंजिन बंद असल्याने दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक पेडल कडक होते.

क्रेनने पुढची चाके उचलून नेताना कारमध्ये कोणी नसतेच. मग ब्रेक दाबणार कोण? अशा वेळी क्रेनच्या ब्रेक लाइटचा सिग्नल तारेने कारच्या मागे आणावा लागतो. अमेरिकेत मोटारहोममागे छोटी कार जोडून नेतात, तेव्हा हेच करतात. कारच्या स्वतःच्या यंत्रणेत उलटा करंट जाऊ नये म्हणून मध्ये डायोड लावतात किंवा मागे वेगळे दिवेच बसवतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मोठ्या ट्रक-क्रेनची यंत्रणा बहुतेक वेळा २४ व्होल्टची, तर कारची १२ व्होल्टची असते. थेट तार जोडली तर बल्ब उडतील. त्यामुळे कारचे वायरिंग न कापता, क्रेनच्या व्होल्टेजला चालणारी वेगळी दिव्यांची पट्टी कारच्या मागे बांधणे सर्वांत सुरक्षित.

लाइट लागत नसेल तर काय पाहावे?

• आधी ओढणाऱ्या वाहनाचे स्वतःचे ब्रेक लाइट लागतात का ते पाहा. नसतील तर फ्यूज आणि ब्रेक स्विच तपासा.

• ते लागत असतील तर अर्थिंगकडे वळा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर किंवा टेल लाइटही मिणमिणत असेल, तर बहुधा अर्थची तार सैल किंवा गंजलेली असते.

• केवळ मल्टिमीटरवर विसंबू नका. मीटर जवळजवळ करंट घेत नाही, म्हणून गंजलेल्या जोडावरही तो १२ व्होल्ट दाखवू शकतो. २१ वॅटच्या ब्रेक बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. त्यामुळे बल्ब लावून तपासल्यावरच जोडातला दोष कळतो.

• सॉकेटच्या पिनांवर हिरवट गंज आहे का, टेप गुंडाळलेल्या जोडात पाणी शिरले आहे का, ते पाहा.

• तारांच्या रंगावर जाऊ नका. सात पिनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ब्रेकची तार लाल आणि अर्थची पांढरी असते, पण गॅरेजमध्ये हाताला येईल ती तार जोडलेली असू शकते.

जबाबदारी कोणाची?

१९८९ च्या ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’मध्ये दोन वाहनांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर इतरांना स्पष्ट दिसावा आणि मागे ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेले असावे, असे म्हटले होते. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. पण गाडी ओढली जात आहे, एवढेच पाटी सांगते. ती आत्ता थांबते आहे, हे फक्त ब्रेक लाइट सांगतो.

म्हणूनच दिव्यांची पट्टी बाळगणे हे टोइंगवाल्याचे काम असायला हवे आणि वाहतूक पोलिसांनी दोराइतकेच तेही तपासायला हवे. बंद पडलेल्या गाडीचा मालक आधीच गांगरलेला असतो. त्याच्यावर वायरिंगचा भार टाकून चालणार नाही. तरीही एक गोष्ट त्याला करता येईल. निघण्याआधी गाडीच्या मागे उभे राहायचे आणि पुढच्याला ब्रेक दाबायला सांगायचे. लाल दिवा दिसला नाही, तर गाडी पूर्ण उचलून नेणारी फ्लॅटबेड मागवायची. थोडा उशीर होईल, पण मागून येणारा दुचाकीस्वार सुखरूप घरी पोहोचेल.